यूज्ड टू : 'सवय असणे' की '-आयचो'?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. धागा व्याकरणाचा आहे, पण त्यामागे घरची गोष्ट आहे, म्हणून आधी ती सांगते.

गेल्या महिन्यात आई वाईहून इकडे इंग्लंडला माझ्याकडे आली. वय ७१. मराठी माध्यमातून जुनी अकरावी झालेली. इंग्रजी वाचता येतं आणि बोलायची मनापासून हौस आहे. तिची तपासणी करायला एका दवाखान्यात गेलो होतो. नर्सने विचारलं, औषधं कोणती घेता? मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने हाताने मला थांबवलं. तिचं तिला सांगायचं होतं. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली, "आय यूज्ड टू टेक वन टॅबलेट एव्हरी मॉर्निंग. फॉर बीपी."

नर्सने मान डोलावली आणि टाइप केलं. मग दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजला. वरचा आकडा १६०च्या पुढे. तिने खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "व्हेन डिड यू स्टॉप?"

आई माझ्याकडे बघायला लागली. "स्टॉप? नो, नो. नो स्टॉप. डेली!"

नर्सने स्क्रीन आमच्याकडे वळवली. आईच्या सकाळच्या गोळीसमोर ती बंद केल्याची नोंद पडली होती. आईला पूर्वी रात्रीचीही एक गोळी होती, ती गेल्या वर्षी खरोखरच बंद झाली. तिचा उल्लेखच नव्हता. चालू असलेली गोळी बंद, आणि बंद झालेली कुठे नाहीच. चूक नर्सची अजिबात नव्हती. तिने जे ऐकलं तेच लिहिलं. मी दुरुस्त करून सांगितलं, नोंद बदलली, सगळं ठीक झालं. पण मी तिथे नसते तर?

घरी येताना बसमध्ये आई गप्प होती. मग म्हणाली, "अगं, यूज्ड टू म्हणजे 'ची सवय असणे'. आम्ही शाळेत तसंच पाठ केलंय." आणि खरं सांगते, मीसुद्धा तिच्यानंतर पंचवीस वर्षांनी शाळेत हेच पाठ केलं. वहीत डावीकडे यूज्ड टू, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे 'ची सवय असणे'.

आईच्या डोक्यात वाक्य होतं, "मला रोज सकाळी एक गोळी घ्यायची सवय आहे." त्याचं तिने नियमाप्रमाणे इंग्रजी केलं. पण 'आय यूज्ड टू टेक'चं मराठी ते नाहीच. त्याचं मराठी आहे, "मी रोज सकाळी एक गोळी घ्यायचे." हे वाक्य मराठी कानावर पडलं की कोणीही विचारेल, "मग आता? बंद केली का?" म्हणजे नर्सने जो प्रश्न विचारला तोच.

तेव्हापासून मला वाटतंय की आपल्याकडे या शब्दांसाठी नेमकं, घरचं रूप तयार आहे, घ्यायचो, जायचो, राहायचो, आणि आपण ते बाजूला ठेवून 'सवय' हा शब्द मुलांच्या हातात दिला. तुमचं काय मत? शिकवणाऱ्या मंडळींनी जरूर लिहावं.

फळा_खडू
कृष्णाकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. परक्या देशात आपलं दुखणं आपण सांगायचा त्यांचा आग्रह मला फार आवडला.

मी बावीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, मराठी माध्यमाच्या शाळेत. तुमचं निदान बरोबर आहे, पण अर्धं. 'सवय असणे' हा अर्थ कोणी मनाने घेतलेला नाही. तो खरा आहे, फक्त दुसऱ्या रचनेचा आहे. इंग्रजीत दिसायला सारख्या तीन रचना आहेत आणि वहीत त्यांची सरमिसळ झाली. मी फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहिते :

आय यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स.
आय ॲम यूज्ड टू कटिंग व्हेजिटेबल्स.
अ विळी इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स.

पहिलं : मी भाजी चिरायचे. दुसरं : मला भाजी चिरायची सवय आहे. तिसरं : विळी भाजी चिरायला वापरतात. 'सवय' फक्त दुसऱ्यात आहे, आणि तिथे यूज्डच्या आधी 'ॲम' आहे. बोलताना हा 'ॲम' इतका हलका होतो की मुलांना तो ऐकूच येत नाही. 'आय'म यूज्ड टू' आणि 'आय यूज्ड टू' यांत फरक फक्त ओठ मिटण्याचा. तो ओठ मिटला नाही की चालू असलेली गोष्ट बंद पडते.

दुसऱ्या वाक्यातल्या 'टू'कडे नीट बघा. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात 'टू'च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप आहे, कट. दुसऱ्यात कटिंग. कारण दुसऱ्यातला 'टू' हे शब्दयोगी अव्यय आहे, आपल्या 'ला'सारखं, 'ची'सारखं. त्याच्यापुढे नाम लागतं. आय ॲम यूज्ड टू द हीट, मला उन्हाची सवय आहे. उन्हाच्या जागी चिरणं आलं तर चिरण्याचं नाम करावं लागतं, कटिंग. मुलांना मी सांगते, तिथे 'द हीट' ठेवून बघा. वाक्य उभं राहिलं तर आयएनजी लावा, कोसळलं तर लावू नका. 'आय यूज्ड टू द हीट' कोसळतं. ही युक्ती 'लुक फॉरवर्ड टू'लाही चालते. अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथे मीटिंग हवं.

आता उच्चार. हा मला व्याकरणाहून महत्त्वाचा वाटतो आणि तो देवनागरीत फार छान दाखवता येतो. पहिल्या दोन वाक्यांत यूज्ड टू असं सुटं कोणी म्हणत नाही, 'यूस्टु' म्हणतात. स आहे, आणि ड जवळजवळ गेलेला. तिसऱ्या वाक्यात मात्र 'यूझ्ड टु', 'माझा'मधल्या झच्या जवळचा आवाज. इंग्रजी लिपीत तिन्ही एकसारखे दिसतात, पण इंग्रज माणसाच्या कानाला 'वापरणे' आणि 'पूर्वी करणे' हे वेगळे शब्द आहेत. पुढच्या टच्या ओढीने झचा स झाला. 'हॅव टु'चं बोलताना 'हॅफ्टु' होतं ना, तसंच.

अमरावतीकर
फळा_खडू ताई, हे विळीचं वाक्य मी आजच पुतणीला लिहून देतो.

माझा अनुभव नोकरीच्या मुलाखतीचा आहे. १९९८ साल. एका कंपनीत (नाव नको) पाच जणांसमोर बसलो होतो. छंद विचारले. रात्रभर आरशासमोर घोकलेलं वाक्य मी म्हटलं, "सर, आय यूज्ड टू रीड न्यूजपेपर डेली." मधल्या साहेबांनी विचारलं, "व्हाय डिड यू स्टॉप?" मला कळेचना. मी पुन्हा तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. नोकरी मिळाली नाही. त्याला इतरही कारणं असतील, पण त्या दोन वाक्यांच्या मधली शांतता मला अजून आठवते. उत्तर सांगायला मला दहा वर्षं लागली. "आय रीड द न्यूजपेपर एव्हरी डे." इतकं साधं वाक्य. रोजच्या सवयीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो, हे आम्हाला कोणी ठासून सांगितलंच नाही. साधं वाक्य बोललो तर इंग्रजी कमी येतं असं दिसेल, ही भीती होती.

मला वाटते या चुकीचं आणखी एक मूळ आपल्या 'असतो'मध्ये आहे. मराठीत आपण 'मी रोज पेपर वाचतो' असंही म्हणतो आणि 'वाचत असतो' असंही म्हणतो. या 'असतो'चं काहीतरी वेगळं इंग्रजी असलंच पाहिजे असं मनात येतं, आणि हाताशी यूज्ड टू असतो.

अवांतर : आमच्याकडे वऱ्हाडीत जायचोच्या जागी 'जात जाय' येते. "माहा बाप रोज वावरात जात जाय." म्हणजे बाप रोज शेतात जायचा. माझ्या कानाला यूज्ड टू समजायला हे 'जात जाय' सगळ्यात जवळचं वाटते. पहिला 'जात' जाण्याचा, दुसरा 'जाय' नुसता रीत दाखवणारा.

कृष्णाकाठ
अमरावतीकर, तुमचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी एकटी नाही." खूप बरं वाटलं तिला. मनापासून आभार.

'जात जाय' किती सुंदर आहे! प्रमाण मराठीत 'जात असे' आहे, तिथे असणं मदतीला येतं. तुमच्याकडे जाणंच जाण्याच्या मदतीला.

बार्देशकार
आमच्या कोंकणीत 'हांव वतालों'. हांव शाळेंत चलत वतालों, मी शाळेत चालत जायचो. पण याच रूपात 'मी जात होतो' हाही अर्थ बसतो. वाटेत कोणी भेटलं ते सांगायचं तरी 'वतालों', दहा वर्षांची रीत सांगायची तरी 'वतालों'. संदर्भावरून कळतं. त्यामुळे गोव्यात 'आय वॉज गोइंग टू स्कूल बाय वॉकिंग' असं इंग्रजी ऐकू येतं, यूज्ड टूच्या जागी. म्हणजे चुकीची तऱ्हा बदलते, पण घरची भाषा आत बोलत असतेच.

दगडी_वाडा
चर्चा उत्तम चालली आहे. पण '-आयचो बसलं की यूज्ड टू' ही कसोटी जशीच्या तशी मुलांना देऊ नये असं माझं मत आहे. ती एका मोठ्या जागी फसते.

माझा जन्म लालबागचा. वडील गिरणीत. १९८२चा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. आज नातवाला घेऊन त्या भागातून जातो आणि त्याला इंग्रजीत सांगतो, कारण तो परदेशात वाढलाय, "देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर." मराठीत मी काय म्हणेन? "इथे गिरणी होती." पूर्वी जोडेन फार तर. "इथे गिरणी असायची" असं मी म्हणणार नाही. असायची म्हटलं तर ती गिरणी रोज सकाळी येऊन संध्याकाळी जात होती असं वाटेल. "कोपऱ्यावर भुर्जीची गाडी असायची" हे चालतं, कारण गाडी येते-जाते. "वडील दुसऱ्या पाळीला असायचे" चालतं. पण गिरणी, चिमणी, वड, विहीर, वाडा यांना 'होती, होता'च लागतं. "मुंबई यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे इन इंग्लिश." इथे "म्हणायचे" चालेल, कारण म्हणणं ही क्रिया आहे. "हा रस्ता यूज्ड टू बी नॅरो" म्हणजे रस्ता अरुंद होता. अरुंद असायचा नव्हे.

म्हणजे इंग्रजीचा यूज्ड टू रीत आणि स्थिती दोन्ही झाकतो. मराठीचा -आयचो मुख्यतः रीत झाकतो, आणि स्थितीला आपल्याकडे साधा 'होता' आहे. पण हा 'होता' गावभर फिरणारा शब्द आहे. "काल इथे पाहुणा होता" म्हणजे वॉज. "इथे गिरणी होती" म्हणजे यूज्ड टू बी. आमच्या भागातले लोक इंग्रजी बोलताना सगळीकडे वॉज वापरतात ते यामुळे. ते चूक नाही, पण "देअर वॉज अ मिल हिअर" म्हटल्यावर नातवाला फक्त माहिती मिळते. "देअर यूज्ड टू बी" म्हटल्यावर तो मान वळवून आत्ता तिथे काय आहे ते बघतो. आता तिथे काचेचा मनोरा आहे.

फळा_खडू
दगडी_वाडा, हा प्रतिसाद मी छापून शिक्षकांच्या खोलीत लावणार आहे. 'गिरणी असायची' का चालत नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि आयुष्यभर बरोबर बोलत आले.

तुमच्या मुद्द्याला धरून कसोटी अशी सुधारू या : मराठीत -आयचो बसत असेल, किंवा 'पूर्वी होतं, आता नाही' असं म्हणता येत असेल, तर यूज्ड टू. 'सवय आहे' म्हणायचं असेल तर आधी ॲम, इज, आर आलंच पाहिजे.

एक छोटी पुरवणी. 'आता नाही' हा अर्थ यूज्ड टूमध्ये गृहीत धरला जातो, पण तो पुसताही येतो. "आय यूज्ड टू सिंग, अँड आय स्टिल डू" हे शुद्ध इंग्रजी आहे. मराठीतही "मी तेव्हा गायचे, आणि अजूनही गाते" म्हणतोच की. फरक एवढाच, की पुढचं वाक्य आपण जोडावं लागतं. जोडलं नाही तर ऐकणारा दार लावून घेतो. तुमच्या आईंच्या बाबतीत तेच झालं.

नवी_पहाट
मी बारावीत आहे. दोन शंका आहेत. नकार आणि प्रश्न करताना ड ठेवायचा की काढायचा? आमच्या क्लासमध्ये एक सांगतात आणि पुस्तकात दुसरंच आहे. आणि दुसरं, "आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक फॉर थ्री इयर्स" हे का चूक दिलंय? मी तर खरंच तीन वर्षं राहायचे!

फळा_खडू
नवी_पहाट, शाब्बास, दोन्ही शंका नेमक्या आहेत.

'डिड' आला की भूतकाळाचं ओझं तो उचलतो, म्हणून पुढचा ड गळतो : डिड यू यूज टू लिव्ह हिअर? आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं. परीक्षेत असंच लिही. छापील मजकुरात 'डिड यूज्ड टू' ड सकटही पुष्कळदा दिसतं, कारण कानाला दोन्ही 'यूस्टु'च ऐकू येतं आणि लिहिणाऱ्याचा गोंधळ होतो. ब्रिटिश पुस्तकांत 'यूज्ड नॉट टू' हे जुनं वळणही भेटेल. ते ओळखता आलं की पुरे, वापरायची गरज नाही. नकारासाठी सगळ्यात सोपं आणि रोजच्या बोलण्यातलं म्हणजे 'नेव्हर यूज्ड टू' : आय नेव्हर यूज्ड टू लाइक कारलं. यात ड ठेवायचा, शंकाच उरत नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे. "मी तीन वर्षं नाशिकला राहायचे" हे मोठ्याने म्हणून बघ. खटकतं ना? आपण म्हणतो, "तीन वर्षं राहिले." मुदत मोजली, किंवा किती वेळा ते मोजलं, की मराठीतही -आयचे जातं आणि साधा भूतकाळ येतो. "मी रायगडावर तीनदा गेले." तीनदा जायचे नव्हे. इंग्रजीतही अगदी तसंच : आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर थ्री इयर्स. आय वेंट टू रायगड थ्री टाइम्स. मोजता न येणारी, पसरलेली रीत असेल तरच यूज्ड टू. "एव्हरी समर" मात्र चालेल, कारण ती मोजणी नाही, फेरा आहे.

नवी_पहाट
समजलं! मराठीत म्हणून बघायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. क्लासमध्ये मराठी बोललं की दंड आहे.

शब्दपारखी
नवी_पहाट, तो दंड मला पटत नाही. मी मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो, आणि माझं रोजचं काम म्हणजे आधी मराठी वाक्य कानाने नीट ऐकणं. घरच्या भाषेचं दार बंद करून दुसरी भाषा शिकवणं म्हणजे मापाशिवाय कापड कापणं.

एका भावंडाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, ते म्हणजे 'वुड'. आठवणी लिहिताना मला त्याची फार गरज पडते. समजा हा उतारा आहे : "आजी कोकणात राहायची. पहाटे उठायची, चूल पेटवायची, मग आम्हाला एकेकाला नावाने हाक मारायची." नव्या भाषांतरकाराच्या हातात याचं चार वेळा यूज्ड टू होतं आणि परिच्छेद ठेचकाळत चालतो. सराईत हात पहिल्या वाक्याला यूज्ड टू देतो आणि मग वुडवर येतो : "माय ग्रँडमदर यूज्ड टू लिव्ह इन कोकण. शी वुड गेट अप बिफोर डॉन, लाइट द चूल, अँड कॉल ईच ऑफ अस बाय नेम." पहिल्या यूज्ड टूने काळाचा पडदा उघडला, पुढची सगळी कामं वुडने केली. पण राहण्याला वुड चालत नाही. 'शी वुड लिव्ह इन कोकण' म्हटलं की 'ती कोकणात राहील, राहिली असती' असा भलताच वास येतो. म्हणजे वुड फक्त क्रियांना, स्थितीला नाही. दगडी_वाडा यांनी -आयचोबद्दल जे सांगितलं ते बरंचसं वुडलाच लागू आहे. 'गिरणी असायची' जसं चालत नाही, तसं 'देअर वुड बी अ मिल हिअर'ही त्या अर्थाने चालत नाही.

आणि मराठीत या वुडला आणखी जवळचं एक रूप आहे, जे आपण हळूहळू विसरत चाललोय : रीतिभूतकाळ. उठे, पेटवी, हाक मारी. "आजी पहाटे उठे, चूल पेटवी, मग आम्हाला हाका मारी." श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. 'असायचं' नाही, 'होतं', कारण नगर ही स्थिती. मग त्या नगरातली माणसं रोज काय करत ते सांगताना जाई, येई, करी, देई सुरू होतं. इंग्रजीत यूज्ड टूने सुरुवात करून वुडवर जायचं, आणि आपल्याकडे 'होतं'ने सुरुवात करून 'करी'वर जायचं. दोन भाषांच्या आज्या गोष्ट सांगायला एकाच पद्धतीने बसतात, हे मला जेव्हा जाणवलं तेव्हा त्या दिवशी पुढचं काम झालं नाही माझ्याच्याने. नुसता बसून राहिलो.

आईंच्या चुकीबद्दलही एक सांगायचं आहे. तिच्यामागे इतिहास आहे. 'यूज' या क्रियापदाला पूर्वी 'रीत असणे, सवय असणे' असा अर्थ होता, आणि तो फक्त भूतकाळात नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत वर्तमानकाळीही 'ही यूझेस टु कम', म्हणजे 'तो येत असतो', असं लिहीत. पुढे वर्तमानाचं रूप गळून पडलं आणि भूतकाळाचं एकटं उरलं. आपल्या माणसांना वर्तमानातली सवय सांगायला यूज्ड टू हवासा वाटतो, तेव्हा ती इंग्रजीने टाकून दिलेल्या जागीच हात घालत असतात. आज तिथे शब्द नाही, एवढंच.

कृष्णाकाठ
शब्दपारखी, निःशब्द. आईला हे मोठ्याने वाचून दाखवलं. "माझं इंग्रजी चारशे वर्षांपूर्वीचं निघालं" म्हणून ती तीनदा वाचायला लावत होती.

सुगरण_बेळगाव
मी फारसं व्याकरण जाणत नाही, पण 'गेट यूज्ड टू' राहिलं म्हणून लिहिते. ॲम यूज्ड टू म्हणजे सवय आहे, तर गेट यूज्ड टू म्हणजे सवय होणं, लागत जाणं. मुलीचं लग्न होऊन ती कॅनडात गेली, तेव्हा फोनवर रोज म्हणायची, "आई, आय ॲम गेटिंग यूज्ड टू द कोल्ड." मला त्या एका इंग्रजी वाक्यात किती मराठी ऐकू यायचं! थंडीला सरावतेय. घरात रुळतेय. तिथल्या स्वयंपाकघरात हात बसतोय. उजव्या बाजूने गाडी चालवणं अंगवळणी पडतंय. लोकांचं मोजकं बोलणं पचनी पडतंय. नवा चष्मा डोळ्यांना, नवी चप्पल पायाला, नवी सून घराला, प्रत्येकाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि तिकडे सगळ्याला एकच.

इंग्रजीतून मराठी करताना प्रत्येक वेळी 'सवय झाली' लिहू नये असं मला वाटतं. "पाय चपलेला सवय झाला" असं कोणी म्हणेल का?

फळा_खडू
सुगरण ताई, फारसं व्याकरण जाणत नाही म्हणालात आणि भाषांतराचा सगळ्यात चांगला धडा दिलात. सरावणे, रुळणे, हात बसणे, अंगवळणी पडणे. उद्या मुलांकडून उलटं करून घेते. मी मराठी शब्द देईन, ती प्रसंग सांगतील.

जाता जाता : 'आय ॲम हॅबिच्युएटेड टू' हे आपल्या कचेऱ्यांमधलं लाडकं वळण आहे. भारताबाहेर ते फार जड, एखाद्या औषधाची किंवा व्यसनाची सवय लागल्यासारखं वाटतं. रोजच्या बोलण्यात ॲम यूज्ड टू पुरे.

अमरावतीकर
पुतणीला विळीची तीन वाक्यं दिली. तिने चौथं स्वतः बनवलं : "माय काका यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ इंटरव्ह्यूज." बरोबर आहे का, ताई?

फळा_खडू
शंभर टक्के बरोबर. आणि स्थिती आहे, म्हणून वुड चालणार नाही, हेही तिला सांगा.

कृष्णाकाठ
आज आईची पुन्हा तपासणी होती. काल रात्री ती ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती. चहाचं पातेलं उतू जायला आलं तरी लक्ष नव्हतं. मी काही बोलले नाही.

तीच नर्स होती. तिने विचारलं, औषधं? मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले. आई म्हणाली, "आय टेक वन टॅबलेट एव्हरी मॉर्निंग." मग थोडं थांबली. मला वाटलं संपलं. पण तिला रात्रीची गोळीही सांगायची होती, मागच्या वेळी राहिलेली. ती पुढे झुकली आणि 'यूस्टु' अगदी त्यातल्या 'स'सकट म्हणाली, "आय यूस्टु टेक वन ॲट नाइट ऑल्सो. नाऊ, नो."

नर्सने दोन्ही नोंदी केल्या आणि न विचारताच स्क्रीन आईकडे वळवली. आईने चष्मा लावून दोन्ही ओळी बोटाने वाचल्या आणि म्हणाली, "करेक्ट."